वॅग: गॅसनंतर विहीर पाणी घेत नाही

थरवाचक
तेलाचा वालुकाश्माचा थर, खोली २५०० मीटर, दाब २५० बार, तापमान ९० अंश. तेल उत्पादक विहिरींकडे ढकलण्यासाठी एकाच इंजेक्टरमधून (आत सोडायच्या विहिरीतून) आळीपाळीने पाणी आणि नैसर्गिक वायू, म्हणजेच वॅग; थरातल्या घनफळात प्रत्येकी २०,००० घनमीटरची फेरी. आधी विहीर दिवसाला ५०० घनमीटर पाणी घ्यायची. गॅसची फेरी संपवून पुन्हा पाण्यावर आणली, तर त्याच तळदाबाला (विहिरीच्या तळाशी तोच दाब ठेवून) जेमतेम ३५०. फिल्टर ठीक, पाणी स्वच्छ. दाब वाढवावा का? आणि पाणी-गॅसचं १:१ प्रमाण नेमकं कशाचं धरायचं?

कूपमंडूक
दाबाला इतक्यात हात लावू नका. खडक फुटला तर पाणी आणि गॅस दोन्ही त्या भेगेतून थेट उत्पादक विहिरीत पोचतील. स्टेप-रेट चाचणीतला (दर टप्प्याटप्प्याने वाढवून घेतलेल्या) फ्रॅक्चर दाब, म्हणजे खडक फुटण्याचा दाब, आधी पाहा.

कारण बहुधा अडकलेला गॅस. त्याचे बुडबुडे छिद्रांत बसून राहतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. तीसेक टक्के घट वॅगमध्ये नवलाची नाही. विहिरीजवळचा गॅस नव्या पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून आकडा थोडा सुधारायला हवा. या फेरीचा हॉल प्लॉट (एकूण आत गेलेल्या पाण्यासमोर दाब × काळाची बेरीज मांडणारा आलेख) वेगळा काढा. रेषेचा चढ कमी होत गेला तर ठीक. वाढतच गेला तर क्षार, अस्फाल्टीन (तेलातून सुटणारा जड, डांबरी गाळ) किंवा कॉम्प्रेसरचं तेल शोधा.

छिद्रमोजणी
१:१ थरातल्या घनफळाचं, पृष्ठभागावरचं नव्हे. झेड (आदर्श वायूपासूनचा फरक दाखवणारा गुणक) ०.९ धरला तर एक प्रमाणित घनमीटर (पृष्ठभागाच्या ठरावीक दाब-तापमानाला मोजलेला) गॅस खाली ०.००४६ घनमीटर होतो. म्हणजे ५०० घनमीटर पाण्याच्या जोडीला सुमारे १ लाख ९ हजार प्रमाणित घनमीटर.

घटलेला दर मात्र सहज घेऊ नका. गॅस वर सरकतो, पाणी खाली बसतं. दोन्ही मिळून तेल ढकलतात तो पट्टा विहिरीभोवतीच असतो आणि त्याची त्रिज्या दराच्या वर्गमुळावर ठरते. दोन्ही फेऱ्या ७० टक्क्यांवर आल्या तर ती १६ टक्क्यांनी आखडते. (गॅस उत्पादक विहिरीत फार लवकर फुटून आला तर त्याला अडवायला फेस वापरतात, उत्तर समुद्रातल्या स्नोरे तेलक्षेत्रात वापरला होता. पण तो वेगळा धागा.)

वेलहेडवाला
गॅसवरून पाण्यावर बदलीच्या दिवसाचंही बघा. २५०० मीटर पाण्याच्या स्तंभाचा भार २४५ बार, गॅसचा अवघा चाळीसेक. त्यामुळे गॅसवर बंद केलेल्या विहिरीच्या तोंडाशी थराच्या २५० पैकी २१० बार असतात. पाण्याचा पंप १५० चा असेल तर पाणी आत शिरणारच नाही, उलट नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गळका असला तर गॅस पाण्याच्या लाइनीत येईल. ट्यूबिंग (विहिरीतली नळी) आधी उच्चदाब पंपाने पाण्याने भरून घ्यायची. पाण्यापुढे ग्लायकॉल किंवा मिथेनॉलचा टप्पा हवाच. या दाबाला १५ अंशांतही हायड्रेट (पाणी आणि गॅसचा बर्फासारखा घन पदार्थ) धरतं आणि ट्री (विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच) तुंबते.

थरवाचक
समजलं. एक घोळ आत्ता लक्षात आला: फेरी दिवसांवर ठरवली आहे, ४० दिवस. या दराने १४,००० घनमीटरच जाईल.

छिद्रमोजणी
मग गॅस १७ दिवस पुढे ढकला. फेरी घनफळावर बदलायची, कॅलेंडरवर नाही.

वेलहेडवाला
आणि तोवर गॅस-लाइनीचा ब्लाइंड (लाइन बंद करणारी चकती) काढू नका.