ताप उतरल्यावर अंगावर पुरळ: गोवर की आणखी काही?

प्रश्न
माझ्या 14 महिन्यांच्या मुलीला तीन दिवस सणसणून ताप होता. काल तो पूर्ण उतरला आणि आज सकाळी छाती, पोट व पाठीवर बारीक गुलाबी पुरळ दिसले; चेहऱ्यावर मात्र फारसे नाही. ती खेळते आहे, दूधही पिते आहे. घरातील ज्येष्ठांच्या मते हा गोवरच आहे, परंतु गोवराच्या लसीची एक मात्रा तिला दिलेली आहे. डॉक्टरांना दाखवणारच आहोत, तरीही तोवर आम्ही नेमके काय पाहावे?

प्रतिसाद 1
पुरळाच्या रूपावरून तर्क करण्यापेक्षा ताप आणि पुरळ यांचा क्रम पाहणे अधिक उपयोगी ठरते. गोवरात खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे आधी येतात. त्यानंतर ताप चढलेला असतानाच कानांमागे व केसांच्या कडेला पुरळ उठते आणि तेथून चेहऱ्यावर व खाली अंगभर पसरते. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालांच्या आत, दाढांसमोर बारीक पांढुरके ठिपकेही दिसू शकतात. आपण सांगितलेला क्रम याच्या उलट आहे. ताप उतरताच धडावर पुरळ येणे हे रोझिओला या लहान मुलांच्या विषाणूजन्य आजाराचे नेहमीचे रूप असून, तो प्रामुख्याने 6 महिने ते 2 वर्षे या वयात होतो व त्याचे पुरळ बहुधा आपोआप मावळते. अर्थात मुलीला न पाहता हे निदान म्हणता येणार नाही. लस अलीकडेच दिली असेल तर ती तारीख डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण लसीनंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना ताप व सौम्य पुरळ येते.

प्रतिसाद 2
क्रमाचा मुद्दा मान्य आहे, मात्र माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली म्हणजे पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबून ठिपके फिके पडतात का, हे पाहणे. तापाच्या आजारात ठिपके दाबूनही तसेच राहिले, तर ते त्वचेखालील रक्तस्रावाचे असू शकतात आणि मेनिंगोकॉकलसारख्या (मेंदूज्वर घडवू शकणाऱ्या जिवाणूच्या) गंभीर संसर्गाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. उलटपक्षी, ठिपके फिके पडले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण अशा संसर्गातही सुरुवातीचे पुरळ दाबल्यावर मावळू शकते. सावळ्या त्वचेवर लाली सहज उमटत नाही, त्यामुळे तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातील टाळू चांगल्या उजेडात पाहावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाची एकंदर स्थिती. ताप उतरला म्हणजे आजार सरला, असे नेहमीच नसते: डेंग्यूतही ताप उतरण्याच्या सुमारास पुरळ येऊ शकते, आणि पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, थंडगार हातपाय किंवा गळून गेलेले मूल ही धोक्याची लक्षणे नेमकी त्याच काळात दिसतात. ताप 5 दिवसांवर लांबला आणि सोबत ओठ लाल होऊन फुटले, डोळे चिपडांशिवाय लाल झाले, हातपाय सुजले, तर कावासाकी आजाराचा विचार लवकर व्हावा लागतो, कारण त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पेला दाबल्यावर ठिपके फिके पडतात आणि मुलगी तरतरीत आहे. दवाखान्यात जाण्यापूर्वी कळवणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद 3
होय, अवश्य कळवा. गोवराचे विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही 2 तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत राहू शकतात, त्यामुळे शंका जरी असली तरी प्रतीक्षागृहात इतर तान्ह्या बाळांजवळ व गरोदर स्त्रियांजवळ बसू नये. कांजिण्यांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. त्यात लाल पुटकुळ्या, पाण्याने भरलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी अंगावर दिसतात. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पुरळावर रंगीत मलम किंवा लेप लावूनही नेऊ नका, कारण मग डॉक्टरांना मूळ त्वचा दिसत नाही. दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र आणि तापाच्या वेळवार नोंदी मात्र सोबत ठेवा.