मदत हवी आहे: न भाजता, फोडणीशिवाय खमंग काकडी

सध्या आमच्याकडे रात्रीचं जेवण पूर्ण कच्चं असतं. भाजणं, वाफवणं, फोडणी काहीच नाही. कोशिंबिरी, मोडाचे मूग छान जमतात. अडलंय ते खमंग काकडीवर.

दाणे न भाजता कूट केलं की हिरवट वास येतो. रात्रभर भिजवून, सालं काढून वाटले तर वास कमी झाला, पण कुटाचा लगदा झाला आणि काकडीचं पाणी तसंच तळाशी राहिलं. कच्चे तीळ कुटून घातले, कडसर लागले. फोडणीऐवजी मोहरी मात्र सुरेख जमली: थोड्या पाण्यात फेसायची, नाकात झणका आला की मगच लिंबू पिळायचं. आधी आंबट घातलं तर ती चढतच नाही.

काकडी चोचवलेलीच हवी, पिळून पाणी टाकायचं नाही. दही चालत नाही. मिक्सर, खलबत्ता आणि भरपूर उन्हाची गच्ची आहे.

भिजवलेले दाणे उन्हात कडक वाळवून कोणी कूट केलंय का? किती ऊन द्यावं लागतं, आणि खवट न होता ते किती दिवस टिकतं? की दाण्यांऐवजी किसलेलं सुकं खोबरं जास्त बरं पडेल?