मदत हवी आहे: डचमध्ये जोर दिला की प्रश्न का होतो?

मंडळी, आइंडहोवेनला येऊन दीड वर्ष झालं. डच कशीबशी बी-वनपर्यंत (मधली पातळी) आलीये, पण उच्चारात मार खाते.

मीटिंगमध्ये म्हणायचं होतं, "हे टाळायला हवं". शब्द 'व्होरकोमन'. जोर 'को'वर हवा, मी दिला 'व्होर'वर, आणि तसं म्हटलं की अर्थ होतो 'घडणे'! लिहिताना दोन्ही सारखेच. सगळे हसले, मीही हसले. क्लासमधल्या बाई म्हणाल्या, 'को'वर जोर द्या. मी सूर चढवला, तर म्हणे, "आता प्रश्न विचारताय." मग जोर म्हणजे नक्की काय? ओरडायचं का?

प्रतिसाद १:
ओरडू नका :) जोर शब्दाचा असतो, सूर वाक्याचा. वाक्यात जो शब्द महत्त्वाचा, त्याच्या जोराच्या अक्षरावर सूर हलतो. बाकीच्या शब्दांवर तो जवळपास सपाट राहतो. तरीही डच माणसाला 'कानॉन' तोफ आहे (जोर 'नॉन'वर) की संगीतातला कॅनन (जोर 'का'वर), हे सपाट सुरातही कळतं. कारण जोराचं अक्षर लांबतं आणि स्वर जरा टणक, खणखणीत येतो. म्हणून आधी अक्षर लांबवायला शिका, सुराचं नंतर बघू.

तुमचा प्रश्न का झाला? सूर वर नेलात, खाली आणलाच नाहीत. जोराचा चढ अक्षराच्या सुरुवातीलाच, झटक्यात येतो. प्रश्नाचा चढ वाक्याच्या शेवटी, उशिरा. माझ्या कानाला तरी आपण मराठीत शब्दाच्या शेवटाकडे सूर चढवत नेतो, तीच सवय नडते.

गंमत म्हणजे सुराच्या चालींचं हे बरंचसं तुमच्याच गावात, आयपीओ नावाच्या आकलन-संशोधन संस्थेत शोधलं गेलं. 'ट हार्ट आणि कोहेन या संशोधकांनी तिथे डच वाक्याच्या एका चालीला 'चपटी टोपी' म्हटलं: पहिल्या महत्त्वाच्या शब्दावर चढ, मधे उंच सपाट, शेवटच्यावर उतार.

धागाकर्ती:
टोपी करून पाहिली! 'दात'वर (डचमध्ये 'ते', माझ्या वाक्याचा पहिला शब्द) चढले, 'को'वर उतरले. नवरा म्हणतो, पहिल्यांदाच विधान वाटलं. पण ऑफिसातला रूरमोंडचा एकजण भलतंच गातो, त्याची नक्कल करू का?

प्रतिसाद १:
त्याची नको. रूरमोंड लिंबुर्ग प्रांतात आहे, आणि तिथल्या लिंबुर्गी बोलीत काही शब्दांचं एकवचन-अनेकवचन नुसत्या सुरावरून ठरतं. बातम्या ऐका.