शिडाच्या छोट्या बोटीतून दिवसभर समुद्रात, खांदेरीपर्यंत. पुण्याहून कुणी गेलंय का?

कोथरूडचा_काठ
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या एका मित्राची चोवीस फुटी शिडाची बोट आहे, मुंबईला गेटवेच्या बाजूला असते. जानेवारीत या म्हणतोय, सकाळी निघायचं, अलिबागजवळच्या खांदेरी बेटापर्यंत जायचं, बोटीवरच जेवायचं आणि अंधाराच्या आत परत. तो सराईत आहे, पण मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, आमचा पाण्याशी संबंध टिळक टँकपुरताच. तर प्रश्न असे की जेमतेम पंचवीस किलोमीटरला अख्खा दिवस कसा काय लागतो, मांडव्याची लाँच तर तासाभरात पोचवते, फोटोत बोट एवढी कललेली दिसते ती उलटत नाही का, आणि बायकोला ताम्हिणी घाटातच मळमळतं तिचं काय करायचं. शिवाय मित्र म्हणतो दिवस मी ठरवणार, शनिवार-रविवारच असं काही नाही. आता आम्हाला सुट्टी तेव्हाच असते ना राव.

थळची_लेक
मित्राचं ऐका. माझं माहेर थळ, खांदेरी आमच्या समोरच, आता वारज्यात असते. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, थोडंफार मागंपुढं होतं पण अंदाज येतो. आता दशमी धरा. साडेसातला पाणी भरलेलं, तिथून पावणेदोनपर्यंत ओहोटी, म्हणजे बंदरातलं पाणी बाहेर निघालेलं असतं ते तुम्हाला खांदेरीकडे घेऊन जातं, आणि दोननंतर भरती लागली की तेच पाणी मुंबईकडे ढकलतं. जाताना फुकट येताना फुकट. हेच पौर्णिमेला गेलात तर दुपारी बाराच्या सुमाराला भरती, सकाळभर पाणी समोरून आणि परतताना पण समोरूनच, वर उधाणाचं पाणी म्हणजे ओढ जास्त. तुमच्या बोटीचा वेग धरा ताशी आठ-नऊ किलोमीटर, त्यातले तीन पाण्यानेच खाल्ले तर उरलं काय?

डेकवरचे_काका
ताईंनी पाण्याचं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगतो. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता सहकारनगरला झाडांना पाणी घालतो. हिवाळ्यात पहाटेपासून मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे, त्यावर आरामात बाहेर पडाल. दहा-अकराला तो मरतो आणि खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वायव्येकडून सुरू व्हायला बारा-एक वाजतो. मधला तास-दीड तास खरी परीक्षा. शीड लोंबकळतं, बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, उगाच इकडून तिकडे कुरकुरत फिरते, लाट दिसत पण नाही आणि बोट मात्र जागच्या जागी डोलत राहते, ऊन डोक्यावर. माणसं आजारी पडतात ती वादळात नाही, इथे. मित्राकडे इंजिन असेल तर त्या वेळी सरळ लावायला सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

उलटायचं म्हणाल तर अशा बोटीच्या पोटाखाली कील असते, शिसं नाहीतर बीड, बोटीच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा जास्तच. कलली की कीलच तिला परत ओढते. मुलीला आधीच सांगून ठेवा की कलणार आहे, म्हणजे तिला मजा वाटेल. भीती धरायचीच तर त्या बूमची धरा. वळताना ती डोक्यावरून जाते, मित्र ओरडला की आधी मान खाली, का ते नंतर विचारा. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचंच, पायांमधून पट्टा असलेलं, मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली.

आणखी एक, मोठ्या जहाजांच्या चॅनेलमध्ये शिडाच्या बोटीचा मान वगैरे काही नसतो. तिथे आपणच बाजूला व्हायचं आणि ओलांडायचं ते काटकोनात, रेंगाळायचं नाही. मोठं जहाज म्हणजे ब्रेक मारून थांबणारी वस्तू नाही.

मिसळ_कमी_तिखट
एवढं पंचांग बघून पंचवीस किमी 😂 त्यापेक्षा खडकवासला काय वाईट, भरती नाही ओहोटी नाही, कणीस खा घरी या

डेकवरचे_काका
हसू नका, एनडीएच्या पोरांना सेलिंग त्याच पाण्यावर शिकवतात, पीकॉक बेमध्ये.

पोहे_विथ_शेव
मळमळीबद्दल, मी स्वतः त्यातली आहे. गोळी उलटी आल्यावर घेऊन उपयोग शून्य, निघायच्या तासभर आधी घ्यायची, झोप येते ते धरून चाला, आणि मुलीसाठी डॉक्टरांना विचारूनच. खाली केबिनमध्ये अजिबात जायचं नाही, अगदी बॅगेतून डबा काढायला पण दुसऱ्याला पाठवा, आणि मोबाइल बघायचा नाही, लांब क्षितिजावर नजर. सुकाणू हातात घेतलं की मला निम्मं बरं वाटतं, तेव्हा वहिनींना चालवायला द्या. उपाशीपोटी जाऊ नका, पण पुरी-भाजी पण नको, साधा दहीभात, केळी, आलेपाक. बाकरवडी घरी ठेवा, पाणी संपेल. हो आणि टॉयलेटचं आधी विचारून घ्या, एवढ्या बोटीत बहुतेक बादलीच असते, हे कुणी सांगत नाही.

गडवाटा_आणि_चहा
खांदेरीला जाताच आहात तर, १६७९ मध्ये महाराजांनी बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं वेढा देऊन बसली होती, आणि वारा पडला की काकांनी सांगितलं तशीच जागच्या जागी डोलत राहायची. आपली छोटी होडकी वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून रात्रीत सामान पोचवून मोकळी. बेटावर उतरता आलं तर तो वाजणारा दगड बघाच, दुसरा दगड मारला की धातूसारखा खणखणतो.

थळची_लेक
उतरायचं मित्रावर सोडा, परवानगीचं पण त्यालाच आधी विचारायला लावा. दशमीला तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरत असेल, आजूबाजूला खडक आहेत आणि तुमची कील खोल. ओहोटीत टेकलात तर पाणी परत चढेपर्यंत तिथेच. लांब नांगर टाका. वाटेत जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दिसतील, दोन बोयांच्या मधून नेऊ नका, खाली दोर असतो.

कोथरूडचा_काठ
सगळ्यांचे आभार, बादलीचं अजून घरात बोललो नाहीये. कालनिर्णय काढलं तर शनिवारी द्वादशी येतेय. चालेल का? रजा मिळणं अवघड आहे.

थळची_लेक
बाराची पाऊणपट नऊ. ओहोटी नऊला लागणार ती सव्वातीनपर्यंत, आणि जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य जातो. म्हणजे मतलई जायच्या वेळेला तुम्ही निघणार आणि खांदेरीहून परतताना शेवटचा तास अंधारात, बोये दिसणार नाहीत. शनिवारच हवा असेल तर मांडव्याच्या समोरून मागे फिरा, तेवढ्यातही दिवस जातो. खांदेरीच हवी तर दशमीची रजा टाका. आणि निघताना काठावरच्या कुणाला तरी परत यायची वेळ सांगून ठेवा, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर त्याच्याकडे पण असू द्या.

डेकवरचे_काका
+१. मुलीच्या जॅकेटचं माप मित्राला आजच कळवा, छोटं त्याच्याकडे नसणार.