मदत हवी आहे: घटनास्थळी फ्लुओरोसन्सने ठसे टिपताना छायाचित्राच्या कोपऱ्यांत हिरवट धूसरपणा येतो

नमस्कार. मी न्यायवैद्यक विज्ञानाची विद्यार्थिनी असून, हातात नेता येईल अशा दिवा-कॅमेरा संचाने, फ्लुओरोसन्सच्या (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात उजळण्याच्या) आधारे बोटांचे अदृश्य ठसे टिपण्याचा सराव करते आहे. प्रयोगशाळेतील अंधाऱ्या खोलीत स्वच्छ मिळणारे ठसे, सरावासाठी उभ्या केलेल्या घटनास्थळावर मात्र नीट मिळत नाहीत. बरेच दिवस प्रयत्न करूनही कारण सापडलेले नाही, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आधी संचाविषयी सांगते. वस्तूला सायनोॲक्रिलेटची (झटपट चिकटणाऱ्या गोंदाची) धुरी देऊन ठसा पक्का करते आणि त्यावर रोडामीन ६जी हा रंग चढवते. हा रंग ५२५ ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो आणि साधारण ५५५ नॅनोमीटरला पिवळसर उजळतो. त्यामुळे ५२५ नॅनोमीटरचा हिरवा एलईडी दिवा आणि भिंगापुढे ५५० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश सोडणारा, पातळ थरांचा व्यतिकरण फिल्टर वापरते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम आणि रंगीत आहे. घटनास्थळी मागे सरकायला जागा नसते म्हणून ३५ मिलिमीटरचे भिंग लावते आणि एका छायाचित्रात सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचा भाग घेते.

ब्रश आणि भुकटी का वापरत नाही, असे कोणी विचारील. ब्रश ठशाला घासतो, नाजूक रेषा पुसू शकतो आणि एका वस्तूवरचे डीएनएचे अंश दुसरीवर नेऊ शकतो. एकदा पुसलेला ठसा परत येत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९७७ मध्ये डॅलरिंपल, डफ आणि मेन्झेल यांनी आर्गॉन लेसरखाली ठसे उजळतात हे दाखवले तेव्हा वस्तू लेसरपाशी न्यावी लागे; आज दिवाच वस्तूपाशी नेता येतो, आणि ही सोय नीट वापरता यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता अडचण. वार्निश लावलेल्या लाकडी ड्रॉवरवर अंगठ्याचा एक ठसा आहे. तो चौकटीच्या मध्यभागी ठेवला तर रेषा मोजता येतात, पण तोच ठसा कोपऱ्यात गेला की त्यावर हिरवट पडदा पसरतो आणि शेजारच्या दोन रेषा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. शिवाय संपूर्ण लाकूडच मंद उजळलेले दिसते. खिडकीतला उजेड वजा करण्यासाठी दिवा लावून एक आणि दिवा बंद करून एक, अशी दोन जेपेग छायाचित्रे घेऊन वजाबाकी केली. तीही डागाळलेली आली.

हा धूसरपणा फिल्टरमधून गळणाऱ्या प्रकाशाचा आहे की वार्निशच्या स्वतःच्या फ्लुओरोसन्सचा, हे खात्रीने कसे ओळखावे? आणि एलईडी सोडून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर घेतल्यास फरक पडेल का?

प्रतिसाद १

आपल्या वर्णनावरून येथे अनेक वेगळे दोष एकत्र आलेले दिसतात. कोपऱ्यांतली हिरवट छटा बहुधा फिल्टरची आहे. व्यतिकरण फिल्टरवर प्रकाश तिरपा पडला की त्याची सीमा निळ्या बाजूला सरकते. सुमारे ३० अंशांच्या तिरपेपणाला ती १५ ते २० नॅनोमीटरने सरकू शकते, म्हणजे आपला ५५० चा फिल्टर कोपऱ्यांत जवळजवळ ५३० चा होतो. ३५ मिलिमीटरच्या भिंगाला कोपऱ्यांत साधारण तेवढाच कोन मिळतो. लांब नाभीय अंतराचे (फोकल लेंग्थचे) भिंग घ्या, किंवा कोनाने न बदलणारा रंगीत काचेचा फिल्टर वापरून पाहा.

दुसरे असे की एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो. हिरव्या एलईडीचा पट्टा अर्ध्या उंचीवर साधारण ३० ते ३५ नॅनोमीटर रुंद असतो आणि त्याचे शेपूट ५५० च्या पलीकडे जाते. तेवढा प्रकाश फिल्टरमधून सरळच येतो, म्हणून दिव्यापुढेही शेपूट कापणारा फिल्टर हवा. लेसरला ही अडचण नाही, पण स्वस्त ५३२ च्या लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त किरणही बाहेर पडू शकतात, आणि केवळ हिरव्यासाठी बनवलेला चष्मा ते अडवीलच असे नाही. डोळ्यांच्या बाबतीत कृपया कसलीही तडजोड करू नका.

परीक्षा सोपी आहे. ड्रॉवरच्या जागी स्वच्छ, कोरा स्टीलचा पत्रा ठेवून तसेच छायाचित्र घ्या. पत्रा स्वतः उजळत नाही, त्यामुळे तिथे जे दिसेल ती गळती, आणि लाकडावर त्याहून जे जास्त दिसेल ते वार्निशचे.

वजाबाकी जेपेगवर कधीच करू नये, कारण त्यात उजेडाचे आकडे सरळ प्रमाणात राहत नाहीत. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) वापरा आणि तिपाई घट्ट रोवा. दोन रेषांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पाव मिलिमीटर हलले तरी रेषेवर खाच येऊन पडते. ठशासाठी १००० पीपीआयची (इंचाला १००० पिक्सेलांची) अपेक्षा धरली तर ६००० गुणिले ४००० पिक्सेलांत जेमतेम १५ गुणिले १० सेंटिमीटरच मावते. आपण त्याच्या दुप्पट रुंदी घेत आहात, आणि रंगीत संवेदकातल्या निळ्या पिक्सेलांना या प्रकाशातून जवळजवळ काहीच मिळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. स्टीलच्या पत्र्यावर कोपरे तसेच हिरवट आले, म्हणजे ती गळतीच होती. दिव्यापुढे फिल्टर लावला, १०० मिलिमीटरचे भिंग घेतले आणि रॉ फाइलवर वजाबाकी केली, तेव्हा अंगठ्याच्या डाव्या कडेजवळ एका रेषेला फाटा फुटतो ती जागा प्रथमच स्पष्ट दिसली. वार्निशचा मंद उजेड मात्र अजून आहे. त्यासाठी ५५० ते ५८० एवढाच अरुंद पट्टा सोडणारा फिल्टर घ्यावा, की रंगच बदलून अवरक्तात उजळणारी भुकटी वापरून पाहावी? भुकटी घ्यायची तर पुन्हा ब्रश आला, म्हणून मन तयार होत नाही. कोणी हे दोन्ही करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.