बिल्ला एकाचा, कारखाना दुसऱ्याचा: मग गाडी कोणाची?

माटुंगेकर

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर एका शेजाऱ्यांनी लिहिले आहे की, जी कंपनी आपली गाडी स्वतःच्या कारखान्यात बांधत नाही तिचा बिल्ला म्हणजे निव्वळ स्टिकर, आणि टोयोटाची ग्लँझा घेणारा माणूस मारुतीची बलेनोच घेऊन स्वतःची समजूत घालत असतो. गटावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे विधान इतके उथळ वाटले की तिथे चार ओळी लिहून भागले नसते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

या विधानात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. गाडीची रचना आपण करायची आणि बांधणी कंत्राटावर दुसऱ्याकडून करून घ्यायची, हा एक प्रकार. दुसऱ्याने रचलेली आणि दुसऱ्यानेच बांधलेली गाडी आपल्या नावाने विकायची, हा दुसरा. पहिल्या प्रकारात गैर काय आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. पोर्शेची बॉक्स्टर १९९७ पासून २०११ पर्यंत फिनलंडमधल्या व्हाल्मेटच्या कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होत होती, कारण श्टुटगार्टच्या स्वतःच्या कारखान्यात जागा पुरत नव्हती. चासी नंबरातले कारखान्याचे एक अक्षर सोडले तर गाडी कुठली हे पाहून कळत नसे, आणि तरीही तिला पोर्शे मानायला कोणी नकार दिला नाही. मर्सिडीजची जी-क्लास १९७९ पासून ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बांधली जाते. तो कारखाना पूर्वी श्टायर-डाइमलर-पूखचा होता, आता मॅग्ना श्टायरचा आहे. ग्राझजवळच्या शॉकल डोंगरावर या गाडीची परीक्षा होते आणि तसे सांगणारी लहानशी पट्टी दारामधल्या खांबावर लावलेली असते. कंत्राटाची लाज वाटत असती तर कंपनीने तो डोंगर लपवला असता.

इतके लांब तरी कशाला जायचे? गुजरातमधल्या हंसलपूरला २०१७ पासून मारुतीच्या गाड्या बांधल्या जाऊ लागल्या तेव्हा तो कारखाना मारुतीचा नव्हता. तो जपानच्या सुझुकीच्या पूर्ण मालकीच्या वेगळ्या कंपनीचा होता, आणि मारुती तिच्याकडून गाड्या घेऊन विकत होती. २०२३ मध्ये मारुतीने ती कंपनी ताब्यात घेतली. मधल्या काळात ज्यांनी तिथल्या गाड्या घेतल्या त्यांच्यापैकी एकालाही आपली मारुती खोटी आहे असे वाटले नाही, माझ्या त्या शेजाऱ्यांनाही नाही.

ग्लँझा दुसऱ्या प्रकारात मोडते, हे मान्य. तिची रचना सुझुकीची आहे आणि टोयोटाने पुढची जाळी व बिल्ला बदलून ती विकायला काढली. पण २०१९ मध्ये ती आली तेव्हा मारुती बलेनोवर २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरची वॉरंटी देत होती आणि टोयोटा जवळजवळ त्याच गाडीवर ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरची. इंजिन तेच, पत्रा तोच. मात्र तिसऱ्या वर्षी काही बिघडले तर भुर्दंड कोणाला बसणार, हे बिल्ल्यावर ठरत होते. गाडी बिघडल्यावर ज्याच्या दारात हक्काने उभे राहता येते, त्याची ती गाडी. ब्रँडची ओळख म्हणून मी एवढेच मोजतो.

कुर्लावासी

आपण ग्राहकाचे दार पाहिले, त्याच्या मागचा कारखाना पाहिला नाही. इतक्या लांबलचक मजकुरात गाडी घडवणाऱ्या माणसाचा एकदाही उल्लेख नसावा, याचा मला मनस्वी राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्समध्ये पेंट शॉपला होते. रंगाच्या आधी पत्रा घासून तयार होई तेव्हा ते दारावरून तळहात फिरवत आणि नजर दुसरीकडे असतानाही कुठे उंचवटा राहिला आहे ते बोट ठेवून दाखवत. घरातल्या कपाटाच्या दारावरूनही त्यांचा हात तसाच फिरे. वालचंद हिराचंद यांच्या या कंपनीने १९५० च्या दशकात फियाट ११०० बांधायला घेतली. इटलीत ती गाडी १९६९ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात मात्र ती पुढे सुमारे तीस वर्षे निघत राहिली, त्यातली बहुतेक वर्षे प्रीमिअर पद्मिनी या नावाने. ज्यांनी ती रचली त्यांनी तिच्यावरून हात काढून घेतल्यावरही जी गाडी एका शहराने जगवली, तिची ओळख फियाटच्या तुरिनमध्ये शोधायची की लालबहादूर शास्त्री मार्गावर?

आणि आपले जी-क्लासचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. ती गाडी मर्सिडीजने रचून ग्राझला नुसती बांधायला दिलेली नव्हती. दोन्ही कंपन्यांनी ती मिळून घडवली, आणि ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये ती पूख या नावाने विकली जात असे. म्हणजे तिथल्या माणसांनी कारखान्याचे नाव गाडीवर लावून घेतले होते. कारखान्याला ओळख नसते, हे आपण त्यांना जाऊन सांगावे.

ठाकुर्लीकर

कारखाना आणि अभिमान यांवर आपण दोघे खुशाल वाद घाला. मी पैसे मोजणाऱ्या बाईच्या जागेवरून बोलते. माझ्याकडे ग्लँझासारखीच, एका कंपनीने रचलेली आणि दुसरीच्या बिल्ल्याखाली विकलेली, एक जुळी गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ऐरोलीच्या सिग्नलला मागून एका टेम्पोने धक्का दिला आणि उजवा टेललॅम्प फुटला. माझ्या शोरूममध्ये सांगण्यात आले की, दिवा मूळ कंपनीकडून येतो, आमच्या नंबराने मागवावा लागेल, थांबा. मूळ कंपनीच्या स्पेअर काउंटरवर तोच दिवा डोळ्यांसमोर फळीवर दिसत होता. तिथल्या मुलाने चासी नंबर संगणकात घातला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी आमच्या सिस्टीममध्येच नाही." महिनाभर मी फुटलेल्या दिव्यावर लाल टेप चिकटवून फिरले, आणि शिळफाट्याला पोलिसाने अडवले ते वेगळेच. माटुंगेकर, आपण म्हणता ते हक्काचे दार मला दोन ठिकाणी होते आणि दोन्ही ठिकाणी ते माझ्या तोंडावर लागले.

आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. कल्याणजवळच्या कारखान्यात प्रीमिअरच्या भागीदारीत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची ३०९ ही गाडी बांधली जात होती. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले आणि ज्यांनी हौसेने ती गाडी घेतली होती ते पुढे वर्षानुवर्षे सुट्या भागांसाठी वणवण करत राहिले. भागीदारीतली गाडी म्हटले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: भांडण झाल्यावर दिवा कोण देणार?

माटुंगेकर

ठाकुर्लीकर ताई, आपल्याला झालेला त्रास खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. आपल्या बिल्ल्याच्या कंपनीने जबाबदारी पाळली नाही, म्हणून ती दोषी. दिवा कोणाच्या कारखान्यात तयार झाला हे आपणही विचारले नाही. शेवरलेचे पाहा. २०१७ मध्ये तिच्या मालक जनरल मोटर्सने भारतात विक्री थांबवली, पण तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० च्या डिसेंबरपर्यंत चालू होता. मुंबईतल्या शेवरले बीट गाडीच्या मालकाला द्रुतगती मार्गाने दोन तासांवर आपल्याच गाडीचा कारखाना धडधडत असल्याचा काडीचाही उपयोग नव्हता. कारखाना होता, शोरूम गेली होती.

कुर्लावासींना इतकेच विचारतो की, आपल्या वडिलांच्या कौशल्याचा मान राखूनही, पद्मिनीचा आराखडा कोणाचा होता?

ताडदेवचा टॅक्सीवाला

पद्मिनीचा विषय निघालाच आहे तर माझे दोन शब्द ऐकावे लागतील, कारण आमचे घर तिच्यावर चालले. वडिलांची आणि काकांची, दोघांच्या टॅक्स्या तिच्याच. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाक, डाव्या अंगाला बाहेर बसवलेला मीटर, आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की दार उघडून पाय खाली टाकून ढकलायची गाडी. पण तिला पद्मिनी कोण म्हणत होते? आमच्या स्टँडवर एकही चालक म्हणत नव्हता. ती फियाटच होती. ऑपेरा हाऊसला स्पेअरच्या दुकानात जाऊन आम्ही फियाटची क्लच प्लेट मागत असू आणि दुकानदार न विचारता काढून देई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची गाडी परवान्यातून बाद झाली, तेव्हाही स्टँडवर जुनी माणसे फियाट गेली असेच म्हणाली. कंपनीने नाव बदलून अर्धशतक होत आले होते, तरी लोकांच्या तोंडचा बिल्ला बदलला नाही. कुर्लावासींना हे कटू वाटेल, पण जे तोंडी रुजले तीच ओळख.

कुर्लावासी

कटू वाटले, आणि अन्यायाचेही. आपण त्या गाडीवर पोट भरलेत आणि ती बांधणाऱ्यांच्या वाट्याला नावसुद्धा ठेवायला तयार नाही! आराखडा इटलीचा होता हे मला शिकवण्याची गरज नाही. पण आयातीवर निर्बंध असताना एकेक भाग इथे बनवायला घेणे, ज्या आराखड्याकडे मूळ मालक ढुंकूनही पाहत नव्हते त्यावर दोन पिढ्यांची कमाई उभी करणे, हे काम कोणी केले? आज त्या जागी टोलेजंग इमारती आहेत आणि तिथे राहणाऱ्या मुलांना खाली काय होते ते ठाऊक नाही. आता तर कारखान्यात कायम कामगार ठेवायचेच बंद झाले आहे. गाडी कंत्राटावर, ती बांधणारा मुलगाही कंत्राटावर, आणि तीन वर्षांनी त्याला घरी पाठवले की त्याच्या हातातली जाणही त्याच्याबरोबर जाते. माटुंगेकरांच्या हिशेबात या मुलाला कुठे जागा आहे ते त्यांनी सांगावे.

चाकणला जाणारा

मी वाशीला राहतो आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत काम करतो, त्यामुळे दोन गोष्टी जवळून सांगू शकतो.

आमच्या प्रेस शॉपमध्ये दाराचा पत्रा ज्या डायवर, म्हणजे साच्यावर, दाबला जातो ती डाय आमची नसते. तिचे पैसे गाडीच्या कंपनीने दिलेले असतात आणि तिच्या कुशीला त्या कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक असलेली धातूची पट्टी ठोकलेली असते. आमच्या छपराखाली, आमच्या क्रेनने उचलली जाणारी, पण परक्याची. एखाद्या स्क्रूवरचा मुलामा बदलायचा म्हटले तरी नमुने पाठवून लेखी मंजुरी मिळेपर्यंत आम्ही हात लावू शकत नाही. तेव्हा कंत्राटी बांधणीत ब्रँड हरवतो, हे मला पटत नाही. मंजुरी ज्याच्या सहीने होते त्याची पकड फार घट्ट असते. चाकणला फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड एकाच कारखान्यातून निघत होत्या आणि तरीही दोन्हींच्या मालकांना आपापली गाडी वेगळीच वाटत असे.

मात्र माटुंगेकर सर्व काही वॉरंटीवर आणून ठेवतात, तेही मला पुरेसे वाटत नाही. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवून स्विफ्टमध्ये घालत होती, टाटांच्या व्हिस्टात तेच होते, फियाटच्या पुंटोतही तेच. २०२० पर्यंत लोकांनी मारुतीचे डिझेल म्हणून त्याची तारीफ केली आणि ज्यांनी ते जन्माला घातले त्या फियाटची गाडी शोरूममध्ये न खपता उभी राहिली. यात मारुतीच्या सर्व्हिस सेंटरच्या जाळ्याचा वाटा मोठा आहे, हा माटुंगेकरांचा मुद्दा झाला. पण ज्याने इंजिन रचले त्याच्या पदरी काहीच पडू नये, ही व्यवस्था फार चांगली आहे असेही मी म्हणणार नाही.

कुर्लावासींनी कंत्राटी मुलांबद्दल लिहिले ते शब्दशः खरे आहे. वेल्ड शॉपमधला हात बसायला वेळ लागतो, आणि तो बसतो न बसतो तोच माणूस बदललेला असतो. याचा दोष मात्र बाहेरून बांधून घेण्याच्या पद्धतीला देता येणार नाही, कारण स्वतःचा कारखाना असलेल्या कंपन्याही हेच करतात.

माटुंगेकर

कुर्लावासींच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. त्या मुलाला माझ्या हिशेबात जागा आहे, पण ती बिल्ल्याच्या मालकाने दिली पाहिजे. गाडी माझी म्हणून मिरवणाऱ्या कंपनीने ती बांधणाऱ्याच्या पगाराची आणि शिक्षणाची जबाबदारीही, तो कोणाच्याही हजेरीपटावर असला तरी, घेतलीच पाहिजे. यापलीकडे मी जाणार नाही. ज्याच्या हातून घडली त्याची गाडी असे म्हटले, तर व्हाल्मेटच्या बॉक्स्टरला फिनिश गाडी म्हणावे लागेल, आणि फिनलंडमध्येही तसे कोणी म्हणत नाही.

ठाकुर्लीकर

चाकणच्या गृहस्थांचे म्हणणे मला समजले, आणि माटुंगेकरांचा जबाबदारीचा मुद्दा नाइलाजाने का होईना मान्य करते. पण मग ती जबाबदारी कागदावर यायला हवी. गाडी बुक करताना जो फॉर्म भरून घेतात त्यावर दोन ओळी छापाव्यात: ही गाडी कोणी बांधली, आणि भागीदारी मोडल्यास सुटे भाग किती वर्षे आणि कोणत्या काउंटरवर मिळतील. एवढे लिहून देणारी शोरूम मला आजवर भेटलेली नाही. ती भेटेपर्यंत माझ्यापुरता तो बिल्ला स्टिकरच राहील, मग माटुंगेकरांचे शेजारी कितीही उथळ असोत.

कुर्लावासी

दोन ओळींची मागणी रास्त आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. डायवरच्या पट्टीची माहिती मला नव्हती. तिच्यामुळे माझे मत बदलत नाही, पण सहीचा अधिकार कुठे असतो हे कळले. ताडदेवच्या मित्रांनी मात्र एकदा ऑपेरा हाऊसच्या त्या दुकानदाराला गाठून विचारावे की, फियाटची म्हणून जी क्लच प्लेट तो इतकी वर्षे न विचारता काढून देत होता, ती कोणत्या गावाहून येत होती.