पेगी, जोन आणि लिफ्टमधला प्रसंग
'मॅड मेन' या १९६०च्या दशकातल्या जाहिरात कंपनीवरच्या अमेरिकन मालिकेतली पेगी सेक्रेटरीची कॉपीरायटर (जाहिरातींचा मजकूर लिहिणारी) झाली, म्हणजे त्या ऑफिसात बायकांच्या हाती सत्ता आली, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. चौथ्या सीझनमध्ये ऑफिसातला चित्रकार जोई ऑफिस सांभाळणाऱ्या जोनचं अश्लील चित्र काढतो, तेव्हा पेगी त्याला तडकाफडकी काढून टाकते. जोन खूश होईल असं तिला वाटतं. पण लिफ्टमध्ये जोन तिलाच सुनावते: मी कुणीच नाही आणि तू खडूस, एवढंच सिद्ध झालं! क्लायंटबरोबर एक जेवण घेऊन जोनने स्वतःच जोईचा काटा गुपचूप काढला असता. पुढे जोनला कंपनीत ५ टक्के भागीदारी मिळते, तीही जॅग्वार गाड्यांच्या जाहिरातींचं काम मिळावं म्हणून जॅग्वारच्या डीलरबरोबर रात्र काढल्यावर. तो एपिसोड बघून मला झोप लागली नव्हती.